पाठ टेकली ती कोणत्या डावाने? युद्धकलेकडून शिकायचा मनाच्या ताकदीचा धडा



चैत्र लागला की आपल्या शिरूर-दौंडकडच्या गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी, शेरणी, रात्रीचा तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा. तुमच्यापैकी बहुतेकांनी हगामा पाहिलेला आहे, काहींनी खेळलेलाही आहे. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी असते. सुरुवात होते ती पहिली-दुसरीतल्या पोरांपासून, रेवड्यांवर नाहीतर दहा-वीस रुपयांवर. अंगात चड्डी, मातीत पाय रोवलेले आणि चारी बाजूंनी अख्खा गाव. दोन मिनिटांत एकाची पाठ मातीला लागते. जिंकलेल्याला कोणीतरी खांद्यावर घेतं. आपण सगळे त्याच्याकडेच बघतो.

पुढच्या वेळी जरा हरलेल्याकडे बघा. तो उठतो, पाठीची माती झटकतो आणि आपल्या तालमीतल्या पोरांत जाऊन बसतो. तिथे त्याला "का हरलास?" असं कोणी विचारत नाही. विचारतात, "कशावर पडलास रे?" आणि ते सात-आठ वर्षांचं पोर सांगतं, "पट काढला त्यानं," नाहीतर "ढाक लावली." बस्स. पराभवाचं नाव सांगून झालं. उद्या सकाळी तालमीत त्याच डावाची तोड शिकायची, हेही ठरलं.

आजच्या पाठात मला हेच सांगायचं आहे. मनाची ताकद आणि सकारात्मक विचार यांवर तुम्ही भरपूर ऐकलं असेल. शाळेच्या भिंतीवर सुविचार असतात, मोबाईलवर रोज सकाळी कोणीतरी पाठवतं. 'तू हे करू शकतोस', 'हार मानू नकोस' वगैरे. वाईट काही नाही त्यात, पण परीक्षेत पडलेल्या मुलाला त्या वाक्याचा उपयोग किती होतो, हे मी अनेक वर्षं पाहतो आहे. फार होत नाही. तालमीतल्या त्या एका प्रश्नाचा मात्र होतो.

एका मुलाची गोष्ट

आपल्या दोन्ही तालुक्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली किती आहेत हे सांगायला नको. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 आहेत, त्यामुळे खाकी वर्दी इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर लहानपणापासूनच असते. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं एसटीच्या उजेडात दिसतात.

त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. भरतीच्या यादीत थोड्या गुणांनी त्याचं नाव आलं नाही. त्यानंतर तो घराबाहेर पडेना. जेवण कमी झालं, मित्रांचे फोन घेईना. घरचे म्हणाले, "सर, तुम्ही एकदा बोला." मी गेलो. तो म्हणाला, "सर, मला नाही जमायचं. मी त्या लायकीचाच नाही." मी शिक्षकाच्या सवयीने धीराचे चार शब्द बोललो. त्याने मान हलवली, पण ऐकलं काहीच नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळत होतं.

त्याचे आजोबा अंगणात बसले होते. तरुणपणी तालमीत गेलेले. ते तिथूनच म्हणाले, "अरं, पडलास कशावर ते तर सांग."

मग कागद काढला. धावणं चांगलं होतं. लेखीसुद्धा ठीक होती. गोळाफेकीत गुण गेले होते. मुलांना 7.260 किलोचा गोळा फेकावा लागतो, आणि याने वर्षभर रोज धावण्याचाच सराव केला होता. गोळा आठवड्यातून एकदा, तोही मित्राच्या मैदानावर गेला तर. म्हणजे 'मी त्या लायकीचा नाही' हे वाक्य खोटं होतं. खरं वाक्य होतं, 'माझा गोळा कमी पडतो.' पहिल्या वाक्यावर काही इलाज नाही. दुसऱ्यावर आहे.

तो अजून भरती झालेला नाही. सध्या रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जातो आणि शिफ्ट सुटल्यावर गोळा फेकतो. पुढे काय होईल मला माहीत नाही. पण तो घराबाहेर पडला, आणि आजोबांच्या त्या एका वाक्याने पडला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

खाशाबा जाधवांचं 1948 आणि 1952

हीच गोष्ट मोठ्या मैदानावर कशी दिसते ते बघू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म 15 जानेवारी 1926. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवून दिलं, हे सामान्यज्ञानाच्या वहीत तुम्ही लिहिलेलं असतं. त्याआधीची चार वर्षं मात्र कोणी लिहून घेत नाही.

1948 साली ते लंडन ऑलिंपिकला गेले होते. तिथे त्यांचा क्रमांक सहावा आला. आजच्या भाषेत 'पदक हुकलं'. पण नेमकं काय झालं होतं? खाशाबा मातीत वाढलेले मल्ल. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. गादीवरची कुस्ती वेळेत बांधलेली असते आणि तिथे गुण मोजतात. पाय रोवायला माती नाही, नियम वेगळे, पंचांची भाषा वेगळी. कमी काय पडलं त्याचं नाव स्पष्ट होतं : गादी आणि नियम. परत आल्यावर त्यांनी कसून सराव सुरू केला.

1952 साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. (आम्हा शिक्षकांना ही गोष्ट वाचताना जरा अवघडायला होतं. आपण विद्यार्थ्यासाठी काय गहाण ठेवलं, असा प्रश्न पडतो.) हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं. नियमाप्रमाणे मधे वेळ मिळायला हवी होती, पण ते सांगायला तिथे आपला कोणी अधिकारी नव्हता. तीही कुस्ती गेली. पदक कांस्य आलं. कराडहून गावापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढे खाशाबांनी कुस्त्या खेळून प्राचार्यांच्या घरावरचं कर्ज फेडायला मदत केली.

सहावा क्रमांक ते कांस्य, यात 'मनाची जिद्द' होतीच. पण नुसती जिद्द गादीवर पाय घट्ट ठेवत नाही. कमी काय पडलं हे ठाऊक असलेल्या माणसाची जिद्द कामाला येते.

आधी पडायला शिका

खाशाबांना हरवणारे इशी हे मुळात ज्युदो खेळणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी अंमल होता आणि ज्युदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले. त्यांच्या या मूळ विद्येकडे जरा बघू, कारण पडण्याचा सगळ्यात जास्त विचार तिथे झालेला आहे.

ज्युदो सुरू केला जिगोरो कानो यांनी, 1882 साली, टोकियोतल्या एका देवळातल्या लहानशा जागेत, नऊ शिष्यांसह. कानो अंगाने लहानखुरे होते. शाळेत धिप्पाड मुलं त्यांना त्रास द्यायची म्हणून ते जुनी जुजुत्सू शिकायला गेले. पुढे ते शिक्षक झाले आणि शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या संस्थेचे प्रमुखही. त्यामुळे त्यांनी युद्धकलेकडे शाळेच्या नजरेने पाहिलं. 'ज्यु' म्हणजे मऊपणा, नमतं घेणं. 'दो' म्हणजे मार्ग. समोरचा ढकलतो तेव्हा उलट ढकलायचं नाही, त्याच्याच जोराचा उपयोग करायचा. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. पुरात लव्हाळं वाचतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

ज्युदोच्या वर्गात गेलेल्या मुलाला वाटतं, पहिल्याच दिवशी कोणालातरी उचलून आपटायला मिळेल. तसं काही होत नाही. पहिले कित्येक दिवस पडायचं. मागे पडायचं, बाजूला पडायचं, पुढे कोलांटी घेत पडायचं. याला तिकडे 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही. हात मागे ताठ टेकवायचा नाही, मनगट मोडतं. दोन्ही हात शरीरापासून थोडे बाहेर घेऊन तळहाताने जमिनीवर जोरात थाप मारायची, म्हणजे मार सगळ्या हातावर पसरतो. आणि पडताना श्वास सोडायचा.

हे शेकडो वेळा केल्यावर मुलात काय बदल होतो, ते पाहण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी त्याचं सगळं अंग 'पडायचं नाही' म्हणून आखडलेलं असतं. आखडलेला माणूस नीट लढू शकत नाही, तो फक्त स्वतःला सांभाळत बसतो. पडणं सवयीचं झालं की अंग सैल होतं आणि मग डाव टाकायची हिंमत येते. वर्गातसुद्धा असंच आहे. उत्तर चुकलं तर हसतील, म्हणून जो हात वर करत नाही, तो त्या विषयात आखडलेला आहे. त्याला 'आत्मविश्वास ठेव' म्हणून काय होणार? त्याला चार वेळा उत्तर चुकू द्यावं, आणि वर्गाने हसू नये, ही जबाबदारी शिक्षकाने घ्यावी.

आता पट्ट्यांबद्दल एक बोलतो. पांढरा, पिवळा, हिरवा असे रंगीत पट्टे मुलांना आवडतात, मलाही त्यात वावगं दिसत नाही. पण सहा-आठ महिन्यांत काळा पट्टा आणि वर प्रमाणपत्र, अशी जाहिरात दिसली तर पालकांनी फी भरण्याआधी थांबावं. त्या मुलाला पडायला कोणी शिकवलं का, एवढं विचारावं.

आवाज, श्वास आणि बिबट्या

समग्र शिक्षा अभियानात मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. शाळेत तीन महिने कराटेचे वर्ग होतात. मैदानावर उभं राहून मी ते वर्ग पाहिले आहेत. मुली लाथ पटकन शिकतात, ठोसाही शिकतात. अडतं ते ओरडण्यावर. कराटेत प्रहार करताना पोटातून आवाज काढतात, त्याला 'किआई' म्हणतात. प्रशिक्षक सांगतात, ओरडा! आणि तीस मुलींच्या रांगेतून आवाज येतो तो ओढणीत तोंड घालून हसल्याचा. 'हळू बोल', 'मोठ्याने हसू नकोस' हे इतकी वर्षं ऐकल्यावर घसा एका दिवसात कसा मोकळा होणार? एका मुलीला तर तिसऱ्या आठवड्यात आवाज फुटला. फुटला तेव्हा तीच दचकली. त्या दिवसापासून वर्गात तिचं वाचनही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायला लागलं.

आवाजामागे श्वास असतो. भीती वाटली की छाती धडधडते, हातापायाला घाम सुटतो, तोंड कोरडं पडतं. पुष्कळ मुलांना वाटतं, 'म्हणजे आपण भित्रे'. तसं नाही. संकटात पळायला किंवा लढायला शरीर तयार होतं, तेव्हा हृदय जोरात चालणारच. ते थांबवता येत नाही, पण हळू करता येतं. नाकाने मनातल्या मनात चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजेपर्यंत सोडा. सोडण्याचा वेळ जास्त हवा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते. दहावीच्या पेपरला प्रश्नपत्रिका हातात येण्याआधी हे पाच वेळा करा. आखाड्यात उतरण्याआधी मल्ल उगाच रेंगाळत नाही, माती कपाळाला लावून तोही एक क्षण स्वतःकडे घेतोच.

आणि भीतीबद्दल शेवटचं, आपल्या भागापुरतं. शिरूर तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात, आणि आता दौंडकडेही, बिबट्या आहे. ही गंमत नाही, घरं उद्ध्वस्त झाली आहेत. इथे जर कोणी मुलांना 'सकारात्मक विचार करा, काही होणार नाही' असं शिकवत असेल तर ते शिकवणं धोक्याचं आहे. युद्धकला असं शिकवत नाही. समोर काय आहे ते डोळे उघडून पाहा, असं शिकवते. जपानी विद्येत 'झानशिन' असा शब्द आहे. डाव संपला तरी लक्ष ढळू द्यायचं नाही, असा त्याचा साधा अर्थ. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा : शाळेला येताना-जाताना एकटं यायचं नाही, घोळक्याने यायचं, मोठ्याने बोलत यायचं, अंधार पडल्यावर उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काही करायचं नाही, हातात बॅटरी आणि काठी ठेवायची. वन विभागही हेच सांगतो. इथेही तो मोकळा झालेला घसा कामाला येतो. कराटे शिकलो म्हणून बिबट्याशी झुंजायचं नसतं, हे सांगायची गरज पडू नये, पण सातवीच्या पोरांना सांगावं लागतं!

थाप

ज्युदोत एक नियम आहे, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. जोडीदाराने तुम्हाला असं पकडलं की आता सुटता येत नाही आणि दुखतंय, तर तुम्ही हाताने त्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थाप मारायची. थाप ऐकली की त्याने त्याच क्षणी सोडलं पाहिजे. थाप मारणं म्हणजे भित्रेपणा नाही. थाप न मारणारा हट्टी मुलगा खांदा निखळवून घेतो आणि तीन महिने घरी बसतो. कानोंनी ज्युदोची जी दोन मोठी तत्त्वं सांगितली, त्यातलं एक ताकदीचा नेमका उपयोग करण्याचं आणि दुसरं दोघांनी मिळून पुढे जाण्याचं. जोडीदार शत्रू नसतो. तो नसेल तर तुमचा सरावच होणार नाही. आपल्या तालमीतही 'जोड' हा शब्द त्याच अर्थाने वापरतात.

मन दुखत असताना थाप कशी मारायची, हे मात्र आपण मुलांना शिकवत नाही. विशेषतः मुलग्यांना. "पैलवान आहेस ना, रडतोस काय?" असं म्हणून त्यांचा हात आपणच धरून ठेवतो. म्हणून स्पष्ट सांगतो. झोप येत नाही, जेवावंसं वाटत नाही, जगणं नको वाटतं, असं दोन-चार दिवसांपेक्षा जास्त चाललं तर जोर-बैठका आणि सुविचार यांवर थांबू नका. घरात आईला, मोठ्या बहिणीला, आजोबांना सांगा. शाळेत ज्या शिक्षकांशी बोलावंसं वाटतं त्यांना सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर 14416. दिवसा-रात्री केव्हाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारच्या बाकावरच्या मित्रासाठी. जगणं नको वाटतं, असं कोणी तुमच्याजवळ बोललं, तर ती थाप आहे. त्याच दिवशी मोठ्या माणसाच्या कानावर घाला. ते गुपित ठेवायचं नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत एका पानावर मागच्या वर्षभरातला स्वतःचा एक पराभव लिहा. चाचणीतला, खेळातला, भांडणातला, कोणताही. 'मी मठ्ठ आहे', 'माझं नशीबच असं' अशी वाक्यं लिहायची नाहीत. पाठ कशावर टेकली ते लिहायचं. 'अपूर्णांकाचा भागाकार येत नाही', 'शेवटच्या वीस मिनिटांत निबंध राहिला', 'राग आला की मी आधी बोलतो आणि मग ऐकतो' असं. खाली त्या डावाची तोड म्हणून रोज काय करणार, ते एका ओळीत. पान मला दाखवायची सक्ती नाही. लिहिलंय एवढं सांगितलं तरी चालेल.

शनिवारी सकाळची शाळा आहे. आपल्याकडे ज्युदोची गादी नाही, पण उसाचं पाचट काही कमी नाही. मैदानाच्या कडेला पाचटाचा गुडघाभर थर घालून त्यावर ताडपत्री ताणून बांधू आणि प्रशिक्षकांसमोर मागे पडण्याचा सराव करू. ज्यांच्याकडे तोडणी चालू आहे त्यांनी शुक्रवारी दोन-दोन भारे आणून टाकावेत. पाचटातले खोडवे आणि काटे आधी वेचून काढायचे आहेत, ते काम आठवीकडे. बुटाचे बंद आणि कमरेचे पट्टे घरी ठेवून या. पहिल्यांदा मी स्वतः पडून दाखवणार आहे, तेव्हा काय हसायचं ते तेव्हाच हसून घ्या.